प्लास्टरवरचा सूर्य

घरात तिला धाकटी म्हणत. तिशी उलटली तरी त्या हाकेतून तिची सुटका झाली नव्हती. धाकटी चित्रं काढायची. मोठी, राखाडी चित्रं, खोलीतून हलवायची तर दोन माणसं लागत. त्यांची नावं ‘अभाव एक’, ‘अभाव दोन’ अशी वाढत चालली होती. ‘अभाव सात’ तिच्या दादाच्या खोलीत दारामागे उभं होतं. “या जागेत कपाट बसलं असतं,” असं दादा आल्यागेल्याला सांगायचा आणि पाहुणे मान डोलवायचे. त्यांना कपाट स्पष्ट दिसायचं.

दादाचं फरश्यांचं दुकान होतं. “तू कलावंत आहेस, मान्य,” तो म्हणायचा. “पण माझ्याकडेही रंगच आहेत. नुसत्या बाथरूमच्या निळ्यात बघ किती प्रकार आहेत. गल्ल्यावर बसून बघत राहा.”

तेवढ्यात मुलांच्या इस्पितळाच्या ‘कला आणि आरोग्य’ विभागात तिची इंटर्न म्हणून निवड झाली. महिनाभर बघणार, पटली तर ठेवणार. नाही पटली तर दुकान, हे तिने स्वतःच कबूल करून टाकलं होतं.

“इस्पितळात चित्रं काढणार?” दादा म्हणाला. “बरं आहे. पेशंटला पळून तरी कुठे जाता येतंय.”

विभागाच्या समन्वयक बाई फार हळू बोलत, जणू सगळं जग भुलीतून जागं व्हायच्या बेतात आहे. प्रशिक्षणात त्यांनी इंटर्नना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. मुलाने काढलेली रेघ कधी पुसू नका, ती पुढे न्या. धाकटीला हे इतकं पटलं की तिचे डोळे भरून आले. तिला पिवळा एप्रन मिळाला, रंगांची चाकाची पेटी मिळाली आणि पहिल्याच दिवशी हाडांचा वॉर्ड मिळाला.

वॉर्डात स्पिरिटचा आणि ओल्या चुन्यासारखा वास होता. खिडक्या वीतभरच उघडत. पाय वजनांना बांधून वर टांगलेले, आणि खाली त्या पायांचे मालक छताकडे बघत पडलेले. खिडकीजवळच्या खाटेवर आठेक वर्षांची मुलगी होती. भिंतीवरून पडलेली, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेली. मांडीपासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. गुडघ्याखाली एक तपकिरी डाग, डागाभोवती निळ्या पेनाने काढलेलं वाकडंतिकडं वर्तुळ आणि शेजारी काही आकडे.

धाकटी पेटीसकट पुढे सरकली. रेघ!

“अरे वा! हे कोणी काढलं?”

“सिस्टरनी.”

मुलं आपली निर्मिती दुसऱ्याच्या नावावर खपवतात, हेही प्रशिक्षणात सांगितलं होतं. धाकटी समजुतीने हसली. “आणि हे मधलं काय असेल बरं?”

“डाग आहे.”

“पण नीट बघितलं तर?”

मुलीने नीट बघितलं. “डागच आहे.”

“तुला कुठला रंग आवडतो?”

“जांभळा.”

धाकटीने लाल उघडला.

“ताई, सिस्टर ओरडतील.”

“पाय कोणाचा आहे? तुझा ना? मग तुझ्या पायावर हक्क तुझा.”

पडल्यापासून त्या मुलीला सगळ्यांनी नुसतं ‘हलू नकोस’ एवढंच सांगितलं होतं. हक्काचा विषय कोणी काढला नव्हता.

डागाचा सूर्य झाला. वर्तुळ त्यात बुडालं. किरणं घोट्यापर्यंत गेली, आकड्यांचे पक्षी झाले. समन्वयक बाई आल्या, त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि “वेदनेतून प्रकाश” असं पुटपुटत निघून गेल्या. इतक्या अभावांनंतर आपण काहीतरी काढलं, या आनंदात धाकटीचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

मग मोठ्या सिस्टर डाग बघायला आल्या.

“हे काय?”

“सूर्य,” मुलगी म्हणाली.

“आणि डाग?”

“सूर्याच्या आत.”

सिस्टर धाकटीकडे वळल्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की ऑपरेशननंतर रक्त प्लास्टरमधून झिरपतं. म्हणून डागाच्या कडेने रेघ मारायची आणि वेळ लिहायची. डाग रेघेबाहेर गेला तर आत रक्त थांबलेलं नाही. “आता सांग, पसरलाय की थांबलाय? तू काढलंयस, तूच वाच.”

“पुसून काढू का?”

प्लास्टर रंग पिऊन बसलं होतं. डॉक्टर आले, बघितलं, म्हणाले, “खिडकी पाडा.” म्हणजे प्लास्टरचा तेवढा चौकोन कापून आत बघायचं. मुलीला खाटेसकट प्लास्टर रूममध्ये नेलं.

बाहेर पॅसेजमध्ये समन्वयक बाईंनी धाकटीला कोपऱ्यात घेतलं. “आपण म्हणू, मुलीनेच रंगवलं. मुलं रंगवतातच. तिला कोण काय बोलणार आहे? तुझा पहिला दिवस आहे, महिना काढायचाय ना?”

धाकटीच्या डोळ्यांसमोर बाथरूमचे सगळे निळे एका रांगेत उभे राहिले. ‘हो’ ओठांपर्यंत आलं. ते गिळून ती प्लास्टर रूममध्ये गेली आणि रंगमंचावर बोलावं तशी म्हणाली, “सिस्टर, मला काही कबूल करायचंय. ते मी केलं.”

सिस्टरनी तिच्या हातांकडे बघितलं. “मग मला काय वाटलं, भिंतीने केलं? बाजूला हो, उजेड अडतोय.”

प्लास्टर कापायची करवत फिरत नाही, नुसती थरथरते. कातडी कापत नाही. सिस्टर ती स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतात, आणि आजवर एकाही मुलाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. मुलीने किंकाळी फोडली आणि ती दुसरा पाय झाडायला लागली.

“अहो कलाकार, करा काहीतरी!” सिस्टर म्हणाल्या.

“डोळे मीट, राणी. आपण समुद्रावर चाललोय...”

“नाही मिटणार! तुझ्यामुळे झालं हे! मी जांभळा म्हणाले होते!”

“हो.”

“तू लाल घेतलास!”

“घेतला.”

“आणि तो काय सूर्य होता? बटाटा होता!”

“जरा लांबट झाला खरा.”

“पक्षी म्हणे! माश्या आहेत त्या! डास आहेत!” मुलीने तिच्यावर बोट रोखलं. पाय जागच्या जागी राहिला. धाकटीच्या केसांवरून विषय एप्रनवर आला, तेवढ्यात चौकोन निघाला.

“झालं,” सिस्टर म्हणाल्या.

“थांबा, माझं बोलून नाही झालं.”

आत सगळं कोरडं होतं. रक्त केव्हाच थांबलेलं. डॉक्टर हात धूत म्हणाले, “ही बाई उद्यापासून वॉर्डात दिसता कामा नये.”

“वॉर्डात नकोच. मला द्या,” सिस्टर म्हणाल्या. “इथे टेबलाशी उभी करते. घाबरलेलं पोर लाथा झाडतं. चिडलेलं पोर पाय विसरतं.”

अशी धाकटी प्लास्टर रूममध्ये उभी राहिली. करवत सुरू व्हायच्या आधी ती समोरच्या मुलाचं चित्र काढायला घ्यायची आणि मूल त्या चित्राची सालटी काढायचं. तिच्या कामावर आजवर इतकं लक्षपूर्वक कोणी बोललं नव्हतं. महिना संपला, तिला ठेवून घेतलं. अहवालात समन्वयक बाईंनी या प्रकाराला ‘बालकेंद्री समीक्षा’ म्हटलं. घरी दादाने विचारलं की नक्की करतेस काय. “मी चित्र काढते, मुलं नावं ठेवतात.” दादाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. “मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो?”

एकदा एक मुलगा मनगटाचं प्लास्टर काढायला आला. त्याचा चेहरा चांगला होता, खिडकीतून उजेडही बरा येत होता. धाकटीचा हात आपोआप सावकाश चालायला लागला. मुलगा चित्राकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. करवत लागली तशी दचकून त्याने हात हिसकला आणि टेबलावरचा ट्रे खाली पाडला.

सिस्टरनी करवत बंद केली, वाकून कागदावर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

“आज चांगलं काढलंस होय?”

“चुकून झालं,” धाकटी म्हणाली, आणि घाईघाईने त्या मुलाला तिसरा कान काढायला लागली.