हाक देणाऱ्या पेशी
फिनाइलचा वास आला की मला ऐंशीच्या दशकाअखेरचा वरोऱ्यातला तो दवाखाना आठवतो. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस खिडकीच्या जाळीला चिकटलेला होता. ट्रक चालवणारा माझा धडधाकट भाऊ काडीसारखा होऊन खाटेवर पडला होता. नागपूरहून रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एड्स आहे. रोग शिरला की बाकीच्या पेशींना हाक देणाऱ्या पेशी अंगात असतात. हा विषाणू त्यांच्यातच शिरून वाढतो आणि त्यांनाच मारतो. तुझ्या अंगात तो कित्येक वर्षांपूर्वीच शिरला असावा." भाऊ चिडला, "मंग इतकी वर्षं मले काईच काऊन नाई झालं?" "तेव्हाही तो आतून पेशी मारतच होता," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात दाराशी उभी असलेली वहिनी हळूच म्हणाली, "मले बी त काईच होऊन नाई राह्यलं जी, डॉक्टरसाहेब." डॉक्टरांनी तिचंही रक्त नागपूरला पाठवायला काढून घेतलं. त्यांचा तो उतरलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.