दहिसर ते घाटकोपर: डब्यात घोडा, पोटात गोळा

देव नको म्हणाला होता. तरी एका रविवारी आम्ही दहिसरहून घाटकोपरला गेलो, आणि सोबत घोडा घेऊन गेलो.

मी सांगतेय आणि माझी नात तन्वी टाइप करतेय. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे ती मधे स्वतःचं कौतुक घुसवते की काय हे कळायला मला मार्ग नाही. कुठे नात फारच गुणी वाटली तर ते वाक्य तिचं समजा.

गेल्या वर्षी चेक नाक्याजवळ तन्वीची स्कूटी घसरली. मागून ट्रक येत होता, त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून ही आज इथे बसली आहे. पायात सळी बसवली. पाय सुधारला, घरातल्या घरात चालायलाही लागली, पण उंबरठ्याबाहेर पडेना. ऑफिसचं काम घरून करायची आणि ते संपलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायला हाक मारली तर भिंतच ओ देईल असं वाटायचं.

तेव्हा तिच्या मैत्रिणीने कुरियरने एक घोडेस्वार पाठवला. बोटाएवढा, राखाडी, रंगवायचा बाकी. तन्वीने कित्येक महिने केसाएवढ्या ब्रशने तो रंगवला. पांढरा घोडा, त्यावर करडे ठिपके, अंगावर निळी-पिवळी झूल, वर चिलखतातला सुटा स्वार, हातात भाला. पोरीचं तोंड भिंतीकडून टेबलाकडे वळवलं ते त्या घोड्याने. डॉक्टरांचं बिल वेगळं.

तो घोडा एका खेळातला. खेळ असा आहे. तिकडे युरोपात जुन्या काळी सरदार लोक मधे कुंपण घालून समोरासमोर घोडे सोडायचे आणि भाल्याने एकमेकांना पाडायचे. आपल्या जत्रेतली कुस्तीच, फक्त पडणारा जरा उंचावरून पडतो. तेच हे लोक टेबलावर खेळतात. दोघांनी चित्राचं एकेक पान उपडं ठेवायचं: भाला डोक्यावर मारायचा, ढालीवर की छातीवर. मग पानं उलटायची आणि फासे टाकायचे. अशा तीन दौडी. सगळी चित्रंच असल्यामुळे घरी सरावाला मीच असायची. मी बऱ्यापैकी पाडते तिला.

मग तन्वीने घाटकोपरच्या स्पर्धेत नाव दिलं, आणि त्या स्पर्धेचे दोन नियम ऐकून माझी झोप उडाली. एक, जो पडेल त्याचा घोडा जिंकणाऱ्याचा, कायमचा. दोन, प्रत्येक स्वारामागे एक सोबती बसतो, त्याच्या हातात पांढरा रुमाल. दौडीआधी सोबत्याने रुमाल टेबलावर टाकला की सामना तिथेच थांबतो. तुम्ही हरता, पण घोडा वाचतो. मुलगा-सून गावच्या जत्रेला गेलेले, म्हणून तन्वीने सोबती म्हणून माझं नाव देऊन टाकलं.

मला हरण्याचं काही नव्हतं. घोडा गेला तर पोर परत भिंतीकडे तोंड करील, ही धास्ती होती.

म्हणून पहाटे मी कौल लावला. आमच्या मालवणात मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. देवाच्या दोन अंगांना ओला तांदूळ चिकटवायचा. उजव्या अंगाचा आधी पडला तर जा, डाव्या अंगाचा पडला तर जाऊ नको. मी देव्हाऱ्यातल्या नारळावर तांदूळ लावले, डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. डोळे उघडले तर डावा खाली पडलेला. वर पंखाही चालू नव्हता, नाहीतर त्याच्यावर ढकललं असतं.

तन्वीला सांगायला बाहेर आले, तर ती तयार होऊन बसली होती. घोडा करंज्यांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. दहिसर पूर्वेला मेट्रोत बसायचं, गुंदवलीला उतरायचं, तिथून पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोला जायचं, ती थेट घाटकोपरला सोडते. दोन्ही मिळून माणशी शंभराची नोट पुरते, वर चहाचे सुटतात. सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. पाय दुखरा असेल तर लाज सोडून लिफ्ट घ्या. आम्ही घेतली नाही, कारण तन्वीला लाज होती. जिन्यावर ती पुढे आणि मी मागे. ती मागे कोसळली तर धरायला, आता माझं वय बघता कोण कोणाला धरणार होतं ते सोडा.

तपासणीला सिक्युरिटीवालीने डबा बाजूला काढला.

"मावशी, डब्यात काय?"

"घोडा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग तन्वीकडे. झाकण उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "ह्याच्या हातात अणकुचीदार काय आहे?"

"भाला आहे," मी म्हटलं. "पण स्वभावाने गरीब आहे."

हसली आणि सोडलं. तन्वी हसली नाही. गाडी हायवेच्या वरून जाते, खाली ट्रकांची रांग दिसते. तिने डबा मांडीवर घट्ट धरला होता. मी खिडकीच्या बाजूला सरकले, म्हणजे तिला माझा अंबाडाच दिसावा. मनात तांदळाचा दाणा पडत होता, सारखा डावीकडेच.

घाटकोपरला पूर्वेकडे जायचं तर रेल्वेवरचा पूल ओलांडावा लागतो. तिथे माणसं चालत नाहीत, वाहतात. कोणाच्या तरी बॅगेचा धक्का लागला आणि तन्वी कठड्याला टेकून उभीच राहिली.

"आजी, परत जाऊया का?"

हेच ऐकायला मी सकाळपासून टपून होते. आता हो म्हटलं की झालं, देवाचंही राहिलं. पण माझ्या तोंडून निघालं, "आधी खाऊन घेऊ गो. उपाशी पोटी मी कुठे परत जात नाही."

पूर्वेच्या खाऊगल्लीत पावभाजी घेतली. ती जैन निघाली. कांदा नाही, लसूण नाही, बटाट्याच्या जागी कच्चं केळं. मी मासे खाऊन वाढलेली बाई, पण खरं सांगते, झकास होती. एका प्लेटमध्ये दोघींचं भागतं. खाता खाता तन्वी परत जायचं विसरली, किंवा विसरल्यासारखं केलंन.

हॉल एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. आत टेबलंच टेबलं, त्यांच्यावर हिरवं कापड, मधे इवलं कुंपण, बाजूला इवले तंबू. मोठमोठे बाप्ये वाकून फुंकर मारत घोड्यांवरची धूळ उडवत होते. बारशाला आल्यासारखं वाटलं. मग पहिला सामना संपला आणि एका दाढीवाल्याने आपला काळा घोडा समोरच्याच्या हातावर ठेवला. मी आमच्या डब्याचं झाकण दाबून धरलं.

आमच्यासमोर हार्दिक म्हणून मुलगा बसला, घाटकोपरचाच. त्याच्या टेबलाच्या कडेला आजवर जिंकलेले चार घोडे ओळीने उभे. त्याची सोबती त्याची बायको होती, तिने रुमाल घडी घालून पर्समध्येच ठेवला होता.

"आजी, टेन्शन नका घेऊ," हार्दिक म्हणाला. "मी सांभाळून ठेवतो सगळे."

"माझ्या सासऱ्यांनी पण लग्नात असंच सांगितलं होतं," मी म्हटलं. त्याची बायको फिसकन हसली.

पहिल्या दौडीत फाशांनी दोघांचे भाले मोडले, म्हणजे बरोबरी. दुसऱ्या दौडीत हार्दिकचा भाला ढालीवर बसला आणि आमचा स्वार खोगिरावर तिरका झाला. पंच म्हणून एक मुलगी होती. तिने सांगितलं, "आता एक फटका बसला तरी निळा स्वार पडेल. सोबती, रुमाल टाकायचाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुमाल घामाने भिजून माझ्या मुठीत गोळा झाला होता. हात अर्धा उचललासुद्धा.

"आजी," तन्वीने हळूच विचारलं, "सकाळपासून तुझं तोंड असं का आहे?"

मग सांगितलं. म्हटलं, "पहाटे कौल लावला होता. डावा पडला."

ती माझ्याकडे वळली. "आणि तरी तू मला घेऊन आलीस?"

"तू बूट घातले होतेस."

अपघातानंतर पहिल्यांदाच घातले होते तिने. लेस बांधून, दाराकडे तोंड करून बसली होती. ते बघितल्यावर देवाचा निरोप सांगायला जीभ उचलली नाही.

तन्वीने एका बोटाने घोड्याच्या झुलीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "नको टाकू रुमाल."

माझ्या हाताचा मला भरवसा नव्हता. मी रुमाल खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले.

पानं उलटली. तिचं छातीचं, त्याचं डोक्याचं. फासे पडले. पंच मुलीने दोनदा मोजले, मग आमचा स्वार अलगद उचलून कुंपणाच्या कडेला आडवा ठेवला.

हार्दिकने हात पुढे केला नाही, थांबला. तन्वीनेच स्वार परत घोड्यावर बसवला आणि घोडा त्याच्या ओळीत ठेवला, पाचवा. "ह्याचा मागचा पाय नाजूक आहे," म्हणाली. "पोटाखालून धरायचं."

परतीच्या मेट्रोत मी रिकामा डबा घेऊन तिचं तोंड कुठल्या बाजूला वळतंय ते बघत होते. ती बोलतच होती. छातीवर मारायला नको होतं, ढालीवर मारायला हवं होतं, हार्दिक तिसऱ्या दौडीला नेहमी डोकंच धरतो, यार माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. अंधेरी आली, गोरेगाव गेलं, तरी चालूच. खाली हायवे होता. तिने त्याच्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी बघितलं नाही.

त्या रात्री ती उताणी झोपली. मी दोनदा उठून बघितलं.

जावं का, असं कोणी विचारलं तर जा म्हणीन. खेळ कळायला सोपा आहे, माणसं बरी आहेत, पावभाजी खाच. पण मी काय घेऊन आले विचाराल, तर मी एक भीती सोडून दुसरी घेऊन आले.

नवा घोडा अर्धा रंगून झालाय, तांबडा आहे. गेल्या रविवारी तिने विचारलं, "मुलुंडला सामना आहे, बघायला येतेस?" मी म्हटलं, गुडघे दुखतायत. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. ती एकटी जाते का, ते मला बघायचं होतं आणि बघायचं नव्हतंही.

तिने दार ओढून घेतलं. जिन्यावर तिची पावलं ऐकली. एक पाऊल जरा जड पडतं, त्यावरून ओळखता येतं. तळमजला, मग गेटची कडी. पुढे हायवे आहे, त्याच्या आवाजात कोणाचंच पाऊल ऐकू येत नाही. तरी मी तिन्हीसांजेपर्यंत कान लावून बसले होते.