आरएसीची गोळी

आमच्या शेजारच्या अलकनंदाबाईंनी चौतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत काढली. त्या निवृत्त झाल्या, पण खिडकी काही त्यांच्यातून गेली नाही. पेरांबूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टसाठीसुद्धा त्या रांग लावायला लावतात.

संधिवाताने बोटं आखडली तेव्हा बाई एका नव्या औषधाच्या चाचणीत शिरल्या आणि तळमजल्यावरच्या रंजनीलाही घेऊन गेल्या. रंजनी तंजावरकडची मराठी. तिची बोटं इतकी वाकली होती की स्वतःची वेणी घालता येईना, आणि सुनेपुढे डोकं धरायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःची वेणी स्वतः घालायची, एवढंच तिला हवं होतं.

संमतीपत्र बावीस पानी. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, तर अलकनंदाबाईंनीच सूत्रं हातात घेतली.

"हे बघ रंजनी, दोन गट. एकाला खरं औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवणार, वशिला चालायचा नाही. आणि डबल ब्लाइंड म्हणजे बर्थ नंबर ना प्रवाशाला माहीत, ना टीसीला."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. खोट काढायला जागाच नव्हती.

दोन महिन्यांत अलकनंदाबाईंची बोटं मोकळी झाली. रंजनीची जैसे थे. बाईंनी निकाल लावला की आपलं तिकीट कन्फर्म आणि रंजनीचं वेटिंग. मग त्यांना सुचलं ते अस्सल रेल्वेचं: एका बर्थवर दोघी. दर महिन्याला बाटल्या मिळाल्या की निम्म्या गोळ्या इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. दवाखान्यातल्या गोळ्यांच्या मोजणीत आकडा चोख.

"आरएसी गं," त्या रंजनीला म्हणाल्या. "बसून का होईना, पोचशील."

सहा महिने हा दीडशहाणा उपकार चालला. शेवटी रंजनीलाच खोटं पचेना, तिने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. दोघींची नावं कटली. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाचणी संपल्यावर कुणाला काय मिळालं त्याची पत्रं आली. अलकनंदाबाईंना प्लासिबो. त्यांचा संधिवात आपसूकच ओसरला होता, तसा तो कधीकधी ओसरतो. खरं औषध होतं रंजनीच्या बाटलीत. त्याचा गुण यायला चार महिने लागतात, असं संमतीपत्राच्या नवव्या पानावर छापलेलं होतं. दुसऱ्याला समजावायच्या नादात बाईंनी ते पान वाचलंच नव्हतं.

चौतीस वर्षांत एकाही प्रवाशाची माफी न मागितलेली ही बाई तळमजल्यावर गेली आणि उंबऱ्यातच रडली.

"रंजनी, तुझं औषध मी खाल्लं गं."

रंजनीने वाकड्या बोटांनी कंगवा पुढे सरकवला.

"राग आहे मला, अक्का. तो राहणार. उद्यापासून सकाळी सातला या आणि माझी वेणी घाला."