तू कोणाचो रे?

नवीन पेटी भिंतीवर चढली, की मेस्त आधी तिच्या झाकणावर बोटांच्या मागच्या बाजूने टकटक करत. फणस पिकला की नाही ते बघताना करतात, अगदी तशी. मग कान जवळ नेऊन विचारत, "तू कोणाचो रे?"

पेटी म्हणजे दाब मोजणारा सेन्सर असेल, कॅमेरा असेल, नाहीतर तापमानाचा आकडा थेट मोबाइलवर पाठवणारे एखादे यंत्र. तिला काही बोलता येत नसे. उत्तर द्यायचे ते ती घेऊन येणाऱ्याने, आणि ते मिळेपर्यंत मेस्त तिला नेटवर्कची वायर लावू देत नसत.

डिचोलीतल्या एका काजू कारखान्यात विजेचे आणि यंत्रांचे सगळे काम ते बघत. आमच्याकडे कसबी कारागिराला मेस्त म्हणतात; त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकावर होते. तरुणपणी सिंधुदुर्गातून खाणीवर आले, खाण थांबली तेव्हा कारखान्यात आले, पण बोली तीच राहिली.

पहिल्या दिवशी मलाही तोच प्रश्न आला. मी ताठ उभा राहून सांगितले, "इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. पहिल्या वर्गात पास."

"शिक्षण इचारूक नाय, झिला. तू कोणाचो?"

मग मी धारगळचा म्हणून सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, आणि आईने काजू सोलून मला शिकवले हेही सांगितले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काजूच्या तेलाने काळ्या पडलेल्या आईच्या बोटांची गोष्ट मी त्यांच्यासमोर का काढली, मला कळले नाही. मेस्तांनी टेबलाचा खण उघडला. "मगे असा सांग ना," म्हणाले, आणि एक लांबट वही माझ्या हातात दिली.

त्या वहीत प्रत्येक यंत्राला एक पान होते. नाव, वाडा, शेजारी, आणि ‘कोणाकडे येणे-जाणे’. वाडा म्हणजे, गावातल्या वस्तीसारखाच, नेटवर्कचा वेगळा ठेवलेला भाग: बॉयलरचा वाडा, गोदामाचा वाडा, ऑफिसचा वाडा. कॉलेजात जे मी मोठमोठ्या शब्दांत शिकलो होतो, ते इथे निळ्या शाईत लिहिलेले होते. एकदा मी सोयीसाठी ऑफिसचा प्रिंटर बॉयलरच्या वाड्यात जोडला. मेस्तांनी वायर उपटून माझ्या टेबलावर ठेवली. "काय रे, प्रिंटराचा नि बॉयलराचा लगीन ठरलाहा?"

गोदामाचा कॅमेरा दिवसभर परदेशातल्या कुठल्याशा पत्त्यावर काहीतरी पाठवतो, हे त्यांनीच पकडले. "माझो भाचो दुबैक असा, पण तोय घराक इतके फोन करणा नाय," म्हणाले, आणि कॅमेरा उतरवला.

काढलेल्या यंत्राचे पान ते आडव्या रेघेने छाटत आणि त्याचा पासवर्डही त्याच दिवशी पुसायला लावत. मी कंटाळा केला, की म्हणत, "मेलेल्याचा नाव यादीत ऱ्हवला, की तो मत घालूक येता."

अशी हट्टी माणसे तुम्हीही पाहिली असतील. जवळ असतात तेव्हा आपण मनातल्या मनात त्यांना हसतो. मीही हसायचो.

एका शुक्रवारी दुपारी मला फोन आला. बॉयलरचे यंत्र बसवणाऱ्या कंपनीतून बोलतो म्हणाला. "तू धारगळचो मा? तुझ्या बाबांका मी बरो वळखतंय. तुमच्या वाड्यावरच्या भजनीबुवांचो मी भाचो." मग जत्रेत पालखीला मी खांदा दिला होता, तेही त्याने सांगितले. माझा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या कंपनीत आपल्या गावचा माणूस! यंत्रात दुरुस्ती करायची म्हणून त्याने पासवर्ड मागितला. मी दिला. वर "घरी या एकदा" असे आमंत्रणही दिले.

सोमवारी सकाळी मेस्त नेहमीच्या फेरीला बॉयलरपाशी गेले. आकडे दाखवणारा नवीन पडदा आल्यावर दाबाचा जुना काटा काढून टाकावा असे साहेब म्हणाले होते. मेस्तांनी तो काढू दिला नव्हता. पडद्यावरचा आकडा शांत होता. काटा लाल रेघेपाशी थरथरत होता.

ते ओरडले नाहीत. आधी नेटवर्कची वायर उपटली, मग हाताने जाळ बंद केला, आणि भिंतीपलीकडे काजू सोलणाऱ्या बायकांना अंगणात जायला सांगितले. पाव विकणारा पोदेर आला, चहाची वेळ झाली, असे वाटून एक बाई हसत म्हणाली, "मेस्तानू, पोदेर आज लवकर इलो काय?"

"इलो, इलो. चला भायर," मेस्त म्हणाले. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

काटा हळूहळू खाली आला. दाबाची मर्यादा कोणीतरी बाहेरून वाढवली होती आणि पडद्यावरचा आकडा गोठवला होता. साहेब आले. ते म्हणाले, यंत्रातच दोष असणार, दुपारी पुन्हा वायर जोडू.

"कुलूप मोडूक नाय," मेस्त म्हणाले. "कोणीतरी चावी दिल्यान."

ती चावी कोणी दिली, हे फक्त मला माहीत होते. गप्प बसलो असतो तर माझी नोकरी वाचली असती, आणि दुपारी वायर पुन्हा जोडली गेली असती. अंगणात बायका पदराने वारा घेत उभ्या होत्या. त्यांची बोटे माझ्या आईच्या बोटांसारखीच काळी होती.

"मी दिला पासवर्ड," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलेच नाही, मेस्तांना म्हणाले, "उद्यापासून ह्याला आत घेऊ नका."

"साहेब, ह्येका काढल्यात तर नवो येतलो, आणि तो हीच चूक परत करतलो," मेस्त म्हणाले. "ह्येची करून झाली."

नंतर एकटे असताना त्यांनी मला विचारले, "तो कोणाचो म्हणालो?"

"भजनीबुवांचा भाचा."

"मगे बुवांक इचारलंस?"

मी तिथल्या तिथे घरी फोन लावून विचारले. बुवांना भाचाच नव्हता. पालखीचा फोटो, वडिलांचे नाव, बुवांचे नाव, सगळे मीच मोबाइलवर साऱ्या जगाला दाखवून ठेवले होते.

"कोणाचो, ह्यो अर्धो प्रश्न," मेस्त म्हणाले. "गावात परको माणूस इलो आणि मी अमक्याचो म्हणालो, तर आपण अमक्याक सांगणा धाडतो. तुका कोण वळखता, ह्यो अर्धो तू गिळलंस."

त्या दिवशी आम्ही सगळे पासवर्ड बदलले. वहीच्या पहिल्या पानावर नियम चढला: फोनवर मागितले तर फोन ठेवायचा आणि वहीतल्या नंबरावर आपण करायचा. पंधरा दिवसांनी साहेबांचाच मोपा विमानतळावरून पासवर्डसाठी घाईचा फोन आला. मेस्त म्हणाले, "साहेब, ठेवा. मी करतंय." साहेब संतापून ओरडत होते, तोवर मेस्तांनी फोन ठेवला होता. मग वही उघडून, चष्मा लावून, एकेक आकडा दाबत त्यांनी साहेबांना फोन लावला.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. नारळ, शाल, बायकांनी आणलेली काजूची पुडी, सगळे झाले. मग ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"माझा नाव काढ."

"उद्या काढतो, मेस्त."

"आज."

मी संगणकावरच्या यादीत त्यांचे नाव उघडले. त्यांनी वहीतले स्वतःचे पान उघडले आणि पट्टी लावून आडवी रेघ मारली. मग मी बटण दाबले. ते बॉयलरजवळच्या पडद्याकडे गेले, चष्मा लावला, आपले नाव आणि पासवर्ड सावकाश टाइप केला. पडद्यावर लाल अक्षरे उमटली: ओळख पटली नाही.

त्यांनी पुन्हा एकदा टाइप करून पाहिले. पुन्हा तीच अक्षरे.

"बरा झाला," ते म्हणाले. "आता माका हंय कोण वळखणा नाय."

पुडी काखेत धरून ते निघाले. जाता जाता पेटीच्या झाकणावर त्यांनी टकटक केली, पण विचारले काही नाही.