रिकाम्या पोटी आलेले डॉक्टर

इजिप्तमधल्या दमनहूरच्या स्टेशनमागच्या गल्लीत खाली माझं औषधांचं दुकान आणि वर डॉक्टर शौकी बलाबिशींचा दवाखाना, अशी आमची सव्वीस वर्षांची मांडणी. वरून चिठ्ठी यायची, खालून गोळ्या जायच्या. चिठ्ठी वाचायचीही मला फारशी गरज नसे. पोट, छाती, घसा यांपैकी कशालाही हात लावून माणूस जिना उतरला, की तो पित्ताच्या गोळ्या घेऊनच घरी जाणार, हे ठरलेलं. शौकी डॉक्टर माणूस सज्जन, हाताला गुण असलेला. फक्त त्यांना ऐकायला वेळ नसे. दोन मिनिटांत निदान, तिसऱ्या मिनिटाला पुढचा रोगी. लोक याला हुशारी म्हणत, आणि माझं दुकान त्या हुशारीवर चालत असल्यामुळे मीही म्हणत असे.

नावाप्रमाणे त्यांना शौकही होता, खाण्याचा. डॉक्टरांसाठी कुठं शिबिर निघालं, की आधी ते जेवणाची चौकशी करत. पित्त आणि अन्ननलिकेच्या विकारांवरची निदान चौदा शिबिरं त्यांनी केली असतील. दवाखान्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चौदा चौकटी होत्या. त्यांना विचारलं, "काय नवीन शिकलात?" तर म्हणायचे, "मुनीर, कबाब बरा होता, भात जरा फडफडीत."

पण गेली काही वर्षं त्यांचं जेवण बघण्यासारखं राहिलं नव्हतं. एक घास, मग पाण्याचे चार घोट, मग उठून थोडं चालणं. अर्ध्या ताटावरून ते मोरीकडे जायचे आणि डोळे पुसत परत यायचे. झोपताना तीन उशा. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, तेव्हा लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं की डॉक्टरांनी वजन छान उतरवलं. ते म्हणत, "पित्त आहे, दुसरं काय." अकरा वर्षं ते माझ्याकडून त्याच गोळ्या घेत होते. स्वतःलाही त्यांनी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला नव्हता.

असंच दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हज्जा नबविय्या. हज करून आलेली म्हणून हज्जा; बाजाराच्या तोंडाशी बसून लोणची विकणारी, सत्तरीची बाई. सलगम, गाजर, लिंबू, मिरच्या, काचेच्या बरण्यांमधून. ती दर महिन्याला जिना चढायची आणि सांगायची, "डॉक्टर, भाकरीच काय, पाणीसुद्धा इथं अडतं." छातीच्या मधोमध बोट ठेवायची. शौकी डॉक्टर बरण्यांचा विचार करून म्हणायचे, "हज्जा, आंबट बंद करा. आणि मन शांत ठेवा." सहा वर्षं. पुढं तिचं येणं बंद झालं. आम्ही धरून चाललो की बरी झाली.

मग नवा नियम आला. परवाना टिकवायचा तर नुसतं प्रमाणपत्र चालणार नाही, शिबिराला पूर्ण वेळ बसून, परीक्षा देऊन गुण मिळवायचे. एकसष्टाव्या वर्षी परीक्षा म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा उतरला. तरी अलेक्झांड्रियाला समुद्रावरच्या हॉटेलात अन्ननलिकेवर दोन दिवसांचं शिबिर होतं, नाश्त्याला फतीर, म्हणजे तुपाची पापुद्र्यांची रोटी, आणि मध असं पत्रकात लिहिलं होतं, तेव्हा ते गेले.

पुढचं त्यांनी मला स्वतः तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा अगदी तसंच, म्हणून खरं मानतो.

त्या सकाळी रुळांवर म्हशी आल्या आणि गाडी तासभर खोळंबली. डॉक्टर सभागृहात पोचले तोवर नाश्त्याची ताटं उचलली होती. मागच्या खुर्च्या, म्हणजे झोपायच्या, भरलेल्या होत्या. पहिल्या रांगेत एक मोकळी होती, तिथं ते चरफडत बसले. व्यासपीठावर डॉक्टर ईनास होती. वीस वर्षांपूर्वी सरकारी इस्पितळात ती त्यांच्या हाताखाली शिकाऊ होती. आता ती शिकवायला होती आणि हे शिकायला.

तिनं आधी पडद्यावर रोगी आणि निरोगी अन्ननलिकेची चित्रं दाखवली. मग एक यंत्र पुढं ओढलं. नाकातून बारीक नळी पोटापर्यंत घालायची आणि रोग्यानं पाणी गिळताना अन्ननलिका कुठं किती दाब देते ते पडद्यावर रंगांत बघायचं.

"ही तपासणी आपण रोग्यांना सांगतो तेव्हा काय म्हणतो?" तिनं विचारलं.

"काही नाही, एक बारीक नळी असते," सभागृहातून उत्तर आलं.

"मग कोण येतंय?"

सव्वाशे डॉक्टर आपापल्या वह्यांमध्ये डोकं घालून बसले. एकाला सर्दी होती, एकाच्या नाकाचं हाड वाकडं होतं. उरलेल्यांनी सांगितलं की पोट रिकामं लागतं आणि आम्ही तर भरपेट फतीर खाल्लंय. हे बरोबरच होतं. ईनासनं विचारलं, "उपाशी कोणी आहे का?" तेव्हा दारातला नोंदणीवाला प्रामाणिकपणे म्हणाला, "पहिल्या रांगेतल्या साहेबांना नाश्ता मिळाला नाही."

शौकी डॉक्टर मला म्हणाले, "मुनीर, त्या माणसाचं तोंड मी अजून विसरलो नाही."

नळी गेली. डोळ्यांतून पाणी आलं, ओकारी आली, आणि ज्यांना 'काही नाही' म्हणून त्यांनी असल्या तपासण्यांना पाठवलं होतं त्या रोग्यांपैकी काहींचे चेहरे त्यांना आठवले. मग ईनासनं चमच्यानं पाणी दिलं आणि म्हणाली, "गिळा, डॉक्टर. आता पडद्यावर बघा, वरून खाली तिरपा पट्टा उतरेल."

पट्टा उतरला नाही. घशाशी रंग उमटला आणि खाली सगळं निळं, शांत पाणी पसरावं तसं. फक्त तळाशी, पोटाच्या दाराशी, लाल आडवी रेघ. दार लागलेलंच. दुसरा घोट, तेच. तिसरा, तेच. ईनासचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला. "यंत्र जरा बिघडलेलं दिसतंय," ती म्हणाली.

"बंद करू नकोस," शौकी म्हणाले. नाकात नळी असल्यानं आवाज गेंगाणा येत होता. "मघाशी तू दाखवलेलं तिसरं चित्र. अकॅलेशिया. अन्ननलिका घास ढकलत नाही आणि खालची झडप उघडत नाही." मग म्हणाले, "बरोबर असेल तर मलाही गुण लाव."

ते म्हणतात, आयुष्यात त्यांनी एवढं सावकाश आणि एवढं अचूक निदान पहिल्यांदाच केलं होतं.

दुपारी तिथं कबाब होता. ते ताटावर बसले नाहीत, समुद्राकडे तोंड करून बाकावर बसले. ईनास बाहेर आली. म्हणाली, "आधी दुर्बीण घालून आत दुसरं काही वाढलेलं नाही ना ते बघू. मग झडपेचा स्नायू आतूनच कापता येतो. किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि तुम्ही काय घेत होतात?"

"गोळ्या."

"कोणी दिल्या?"

"एका फार घाईच्या डॉक्टरनं," ते म्हणाले.

दमनहूरला परतल्यावर ते जिना चढले नाहीत. थेट दुकानात आले, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मुनीर, हज्जा नबविय्या कुठं राहते?" तोवर मला ती आठवतही नव्हती. आम्ही दोघं गेलो. मी का गेलो विचाराल, तर सहा वर्षं गोळ्या मोजून मीच दिल्या होत्या.

ती अंगणात लिंबं चिरत बसली होती. वाळली होती, पण डोळे तसेच. डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण विचारलं: काय अडतं, कधी अडतं, पाणी जास्त की भाकरी, रात्री उशीवर खाल्लेलं येतं का. ती सांगत गेली आणि हे मान हलवत गेले, जणू कोणी त्यांचीच कहाणी सांगतंय.

"हज्जा, माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुम्हाला पित्त नव्हतंच. मलाही नाही. दोघांना एकच दुखणं आहे."

तिनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुलाही अडतं?"

"अडतं."

"अरे लेकरा, मग सांगायचं नाही का? मी तुझ्या गोळ्या कधीच सोडल्या. कोमट पाणी प्यायचं, उभं राहायचं, हात वर करायचे आणि टाचांवर दोनदा उडायचं. उतरतं खाली. बाजारातली पोरं हसतात, हसू देत."

"आणि आंबट?"

"आंबट? चाळीस वर्षं लोणची विकतेय मी. एक फोड जिभेवर ठेवली नाही. वाससुद्धा नकोसा होतो मला त्याचा."

तिनं आतून भाकरी आणि चीज आणलं. नको म्हणायची सोय नव्हती. मग दमनहूरमधले नावाजलेले पोटाचे डॉक्टर अंगणात हात वर करून टाचांवर उडाले, आणि लोणचेवाली त्यांना सांगत होती, "अंहं, गुडघे नको वाकवूस." घास उतरला. डॉक्टर डोळे पुसत होते, पण या वेळी मोरीकडे गेले नाहीत.

ईनासनं हज्जालाही नळी घालून बघितलं, तेच निघालं. महिन्याभरानं दोघं अलेक्झांड्रियाला दाखल झाली. डॉक्टरांना भूल घ्यायची भीती वाटत होती, म्हणून आधी हज्जा गेली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर बसल्या बसल्या ग्लासभर पाणी प्यायली. मग हे मुकाट्यानं आत गेले. दुसऱ्या दिवसापासून पातळ, मग मऊ, आणि पंधरवड्यात त्यांनी बसून पूर्ण ताट संपवलं. त्यांच्या बायकोनं, रजाबाईंनी, मला फोन करून ही बातमी दिली, जणू नातू झाला.

आता एक गंमत ऐका. झडप कापली म्हणजे दार सैल झालं. खालचं आंबट वर यायला लागलं. म्हणजे आता दोघांनाही खरोखरचं पित्त आहे, आणि त्याच गोळ्या रोज घ्याव्या लागतात. मी त्या पहिल्यांदाच निर्मळ मनानं देतो.

दवाखान्याचं मात्र बरं चाललेलं नाही. शौकी डॉक्टर आता प्रत्येकाला वीस मिनिटं बसवतात. कसं गिळता, काय अडतं, घरी कोण आहे, झोप लागते का. चिठ्ठीवर बहुधा एक ओळ असते, कधी तीही नसते. बाकावरची माणसं कंटाळून उठतात आणि पलीकडच्या रस्त्यावर एक तरुण डॉक्टर आलाय, तिकडं जातात. तो दोन मिनिटांत मोकळं करतो म्हणे. हुशार आहे.

परवा गाढवगाडीवाला बय्यूमी रागानं जिना उतरून माझ्याकडे आला.

"तुमच्या डॉक्टरांना झालंय तरी काय? गुडघा दाखवायला गेलो, तर विचारतात भात नीट उतरतो का."

"मग उतरतो का?" मी विचारलं.

त्यानं टोपी काढून गल्ल्याच्या फळीवर ठेवली.

"तसा अडतो कधी कधी," तो म्हणाला.

मी त्याला परत वर पाठवलं.