दादांचं गाणं कुठंच सापडत नाही

मंडळी, सकाळपासून ग्रुपवर सगळे आपापली आवडती गाणी टाकतायत. मी गप्प होते, कारण माझं गाणं मोबाईलमध्ये सापडतच नाही. ते माझ्या वडिलांचं, दादांचं होतं.

दादा मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप घराकडं वळवताना स्वतःच रचलेलं एक गाणं म्हणायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

आज सिरसाळ्याहून माझे चुलते माजलगावच्या बाजाराला आलते. दुपारी आमच्याकडं जेवले. मी म्हणलं, "काका, दादांचं ते गाणं म्हणा की."

"मला कुठं त्याच्यासारखं येतंय, बाई," म्हणत त्यांनी सुरुवात केली. चाल तीच, शब्दही तेच, पण गाणं काही ते वाटेना.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भावजी, लई घाई करताय. तितं ते थांबायचे. मागं राह्यलेलं कोकरू येईपर्यंत पुढची ओळ म्हणायचे न्हाईत."

"मग तुमीच म्हणा, वहिनी."

आईला गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि गायला लागली. आवाज कापत होता, तरी गाणं दादांचंच होतं. त्या जागेवर ती थांबली.

बराच वेळ झाला. काका हळूच म्हणाले, "वहिनी, पुढं?"

"थांबा की जरा," आई दाराकडं बघत म्हणाली.

ते गाणं इतकं सुंदर का वाटायचं, हे मला आज कळलं. तुमच्या घरात असं कोण गायचं हो?