महाराणीचा नकार

डिग्रीबाई हे नाव तिला शाळेतल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं, कारण डिग्री सोडून तिच्याकडे बाकी सगळं होतं. खणखणीत आवाज होता, चिकाटी होती, गुडघेदुखीसुद्धा होती. विशेष मुलांच्या शाळेत ती लागली तेव्हा एखादा छोटासा डिप्लोमा चालून जायचा. मुलांवर माया असली आणि अधूनमधून चावून घ्यायची तयारी असली, की शाळावाले हात जोडून वर्ग ताब्यात द्यायचे. मग एक दिवस वरून फर्मान आलं. यापुढे वर्ग सांभाळायचा तर दोन वर्षांत विशेष शिक्षणातली पदवी घ्यायला हवी. ज्याच्याकडे नसेल त्यानं खुशाल मदतनीस म्हणून राहावं. म्हणजे ज्या वर्गात केस पांढरे झाले, तिथंच कुणा नव्या पोरीच्या हाताखाली डबे उघडून द्यायचे! हे ऐकून तिचं डोकंच फिरलं.

"करतेच आता डिग्री," ती घरी येऊन म्हणाली. "शेंडी तुटो की पारंबी!"

"कर की," नवरा म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, यात आपला काय संबंध.

संबंध लवकरच कळला. पहिल्याच सत्रात बाई शिकल्या की चांगल्या वागणुकीला ताबडतोब बक्षीस द्यावं. झालं, फ्रिजवर तक्ता लागला. नवऱ्यानं ओला टॉवेल पलंगावर न टाकता दोरीवर टाकला की कागदाची एक चांदणी. पंधरवड्यात गडी इतका सुधारला की कोरडे टॉवेलसुद्धा दोरीवर टाकून चांदण्या मागायला लागला. सासूबाई तक्त्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, याच्यासाठी मी जन्मभर घसा फोडला. कागद कापायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नाही!" त्यांनाही एक चांदणी मिळाली.

अभ्यासात बाईंच्या नाकी नऊ आले. दोन ओळींत सांगता येईल ते दोन पानांत कसं सांगायचं, हे तिला शिकावं लागलं. 'पोरगं कंटाळलं' असं लिहिलं की वहीवर लाल रेघ. 'विद्यार्थ्याचं अवधान क्षीण झालं' असं लिहिलं की गुण. तिची मार्गदर्शक मॅडम वयानं तिच्या लेकीएवढी, पण हुशार आणि मनानं चांगली. लवकरच गट्टी जमली, आणि दोघी चहा पिता पिता वहीत रेघा मारायच्या. असं करत करत घोडं शेवटच्या परीक्षेपर्यंत आलं. बाहेरच्या परीक्षकासमोर एका विद्यार्थ्याला एक कौशल्य शिकवून दाखवायचं. पास तर वर्ग तुमचा. नापास तर सहा महिन्यांनी पुन्हा या, आणि तोवर वर्ग दुसऱ्याचा.

आता या परीक्षेची एक रीत होती, आणि ती परीक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मुलाला जे आधीपासून येतंय तेच त्याला त्या दिवशी 'शिकवायचं'. शाळेतल्या एका चुणचुणीत पोराला तर रंग ओळखायला इतक्या जणींनी शिकवलं होतं, की परीक्षक दारात दिसले की तो न विचारताच "लाल, पिवळा" सुरू करायचा. "त्यालाच घे," सगळ्या म्हणाल्या. पण डिग्रीबाईला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, तिनं महाराणीला घेतलं.

महाराणी ही पंधरा वर्षांची मुलगी. मान ताठ ठेवून बसायची म्हणून महाराणी. एरवी हुकूम सोडणं तर लांबच, ती बोलतच नव्हती. चित्रांची कार्डं दाखवून हवं ते मागायची. आणि तिच्याइतकी गुणी मुलगी शाळेत दुसरी नव्हती. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. सगळे कौतुक करायचे. करत नव्हती ती फक्त तिची आई. ती शिवणकाम करायची, आणि एकदा दुकानात दोरे घेताना तिनं लेकीचा हात क्षणभर सोडला होता. तेवढ्यात कुणा बाईनं बसची वाट बघतेय समजून की काय, महाराणीला हाताला धरून बसमध्ये चढवलं. पोरगी सापडली शेवटच्या थांब्यावर, मान ताठ ठेवून बसलेली.

"बाई, ती बाई भली होती म्हणून बरं," आई म्हणाली होती. "उद्या कुणी वाईट भेटला तर? हिला नाही म्हणताच येत नाही हो. मी मेल्यावर हिचं काय होईल?"

हे डिग्रीबाईच्या काळजात रुतलं होतं. म्हणून परीक्षेसाठी तिनं कौशल्य निवडलं ते हे: विद्यार्थिनी नकार देईल. लाल कार्ड, त्यावर उघडा पंजा, दोरीनं गळ्यात अडकवलेलं. शिकवायची पद्धत सोपी आणि कठोर. नावडती वस्तू पुढे करायची, कार्ड उचलायला लावायचं, आणि कार्ड वर गेलं की त्या क्षणी माघार घ्यायची. दर वेळी. "एकदाही मोडायचं नाही," मॅडमनं बजावलं होतं. "ज्या नकाराला कुणी जुमानत नाही, तो मूल परत कशाला देईल?"

डिंकानं सुरुवात झाली. महाराणीला चिकट डिंक मनापासून नकोसा, तरी सांगितलं की बिचारी बोटं बुडवायची. आठवडेच्या आठवडे गेले. बाई हाताला धरून कार्ड उचलायला लावायची, डिंक मागे घ्यायची, पुन्हा पुढे करायची. मग एका सकाळी डिंकाची वाटी पुढे आली आणि लाल कार्ड आपणहून वर गेलं. डिग्रीबाई वाटी घेऊन इतकी झटकन मागे सरली की डिंक तिच्याच साडीवर सांडला. त्या साडीतच ती सगळ्या शाळेला सांगत हिंडली. पुढच्या आठवड्यात आई हसत रडत आली. "काल केस विंचरायला गेले तर मला कार्ड दाखवलं हो! आता ही झिपरी फिरणार!" आणि ती झिपरी फिरली. आईनं कंगव्याला हात लावला नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. मऊ बोलणारे, पांढऱ्या मिश्यांचे सज्जन गृहस्थ. महाराणीनं घंटा घेतली, डिंक नाकारला. रंगाचा ब्रश घेतला, फुगा नाकारला. पाठ असा झाला की दृष्ट काढावी. परीक्षक म्हणाले, "छान. आता जरा काही करून घेऊन दाखवा. मणी ओवते का?"

मणी तर ती डोळे मिटून ओवायची. बाईनं परात पुढे केली. महाराणीनं तिच्याकडे पाहिलं आणि कार्ड उचललं. परात मागे. परीक्षक स्वतः वाकले, "माझ्यासाठी एकच, बेटा?" कार्ड. खुर्ची जवळ ओढायला सांगितली. कार्ड. त्यांनी हात पुढे केला. कार्ड! पोरीला आयुष्यात पहिल्यांदा सत्ता मिळाली होती आणि ती मनसोक्त वापरत होती. डिग्रीबाईला तर जागच्या जागी नाचावंसं वाटलं.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "विद्यार्थिनी सहकार्य करत नाही," ते हळहळून म्हणाले. "नकाराला माझ्याकडे पाच गुण आहेत हो, आणि वर्गनियंत्रणाला वीस. मी चहा घेऊन येतो. तेवढ्यात मणी ओवून घ्या, मग मला काही अडचण नाही."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं.

मॅडम कानाशी आली. "कार्ड थोडा वेळ काढून ठेवा. मग परत अडकवा. तिला कुठं कळतंय एवढं."

दोघींनाही ठाऊक होतं की तिला कळतंय. डिग्रीबाईच्या डोळ्यांपुढे नवी पोरगी उभी राहिली, ते डबे उभे राहिले, फ्रिजसमोरचा नवरा उभा राहिला. ती महाराणीसमोर गुडघे टेकून बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "दे ते कार्ड."

महाराणीनं कार्ड उचललं. असा नकार तिला कुणी शिकवला नव्हता. तिनं तो आपल्या डोक्यानं दिला होता. साऱ्या अभ्यासक्रमात याहून मोठं यश नसेल. बाईनं ते पाहिलं, तिला ते कळलं, आणि तिनं दोरी पोरीच्या डोक्यावरून काढून कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. महाराणीचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग खाली आला.

मणी तिनं सुरेख ओवले. चहा पिऊन आलेले परीक्षक म्हणाले, "वा! याला म्हणतात हातोटी!"

डिग्रीबाई विशेष श्रेणीत पास झाली. सासूबाईंनी प्रमाणपत्राला फ्रेम केली, मुख्याध्यापिकांनी भाषण केलं, वर्ग तिचाच राहिला. कार्डही त्याच दिवशी पुन्हा गळ्यात गेलं. पण आता ते नुसतं लोंबायचं. बाईनं डिंक पुढे केला. महाराणीनं भिंतीकडे बघत बोटं बुडवली. दुसऱ्या दिवशीही तेच, दुसऱ्या आठवड्यातही तेच. आणि सगळे पुन्हा म्हणायला लागले, किती गुणी मुलगी!

एका संध्याकाळी आई फुलांचा गुच्छ घेऊन आली. "अभिनंदन बाई! आता मला घोर नाही. सोमवारपासून हिला एकटीला बसनं पाठवावं म्हणते."

"नका पाठवू," डिग्रीबाई म्हणाली.

"का हो? आता तर येतं ना तिला?"

सारवासारव करायचे सुंदर शब्द आता बाईला येत होते, दोन पानं पुरतील एवढे. त्यातला एकही तोंडातून फुटेना. "येत होतं," ती म्हणाली. "मीच घालवलं. तिनं मला नको म्हटलं आणि मी ऐकलं नाही. पास व्हायचं होतं मला." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

 आईनं गुच्छ टेबलावर ठेवला, आणि लेकीच्या तोंडावर आलेल्या बटा मागे सारल्या. महाराणी मान ताठ ठेवून उभी राहिली.

"मग पुन्हा शिकवा," आई शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती आशा होती. "तेव्हा तर तुमच्याकडे काहीच नव्हतं. आता तर डिग्री आहे."